धोंडुबाईचा धाक

धोंडुबाई गुरवीण कुणाला चांगलं म्हणाल्याचं आमच्या गावात कुणालाच आठवत नाही. शाळेचे मास्तर तिच्या लेखी 'कोरडा खोकला', देवस्थान कमिटीचे अध्यक्ष हैबतराव 'सिमेंटची रिकामी गोण', आणि मी, कान्हू, रोह्याच्या कंपनीत जन्मभर शिफ्टा करून घरी बसलेला तिचा शेजारी, म्हणजे 'कंपनीनं चोखून टाकलेली कोय'. हे नाव तिने माझ्या तोंडावर ठेवलं, तेही माझ्या सुनेदेखत. मला राग आला नाही. मीही माणसांना फार मान देणाऱ्यातला नव्हे, आणि आमचं जमायचं ते यावरच. संध्याकाळी तिच्या ओट्यावर बसायचं आणि दोघांनी मिळून गाव सोलायचं, एवढीच आमची करमणूक होती.

आमचं गाव निडी स्टेशनवरून डोंगराच्या अंगाला चालत गेलं की लागतं. पूर्वी भातावर आणि त्यामागून येणाऱ्या वालावर जगायचं, आता पोरांच्या पगारावर जगतं आणि शेतकरी म्हणून मिरवतं. गावाच्या डोक्यावर बहिरीची राई आहे. बहिरी म्हणजे आमचा ग्रामदेव. शेंदूर फासलेला एक ओबडधोबड धोंडा, वर छप्परसुद्धा नाही. त्याच्याभोवतीचं रान कुणी तोडलं नाही म्हणून ते उरलं. आत भर दुपारीही कंदील लावावासा वाटतो. माणसाच्या मांडीएवढे गारंबीचे वेल झाडाझाडांतून लोंबतात, वर धनेश ओरडतात, आणि राईच्या पायथ्याचा झरा मे महिन्यातही वाहतो. आजूबाजूचे डोंगर मात्र न्हाव्याच्या हाताखालून गेल्यासारखे बोडके आहेत.

हे रान धोंडुबाईने राखलं. यावरून कुणाला वाटेल की ती झाडांशी बोलत असेल, पानं कुरवाळत असेल. छे! तिला राईतल्या निम्म्या झाडांची नावं येत नव्हती. पक्षी तिच्या हिशेबी दोनच, एक कावळा आणि बाकी सगळे 'ते दुसरं'. राई तिला आवडतही नसे. "काळोख आणि जळवा, आणखी काय हाय तिथं?" असं ती म्हणायची. ती बहिरीला भ्यायची, बस्. राई बहिरीची. म्हणून तिथली काटकी उचलायची नाही, पडलेलं फळ तोंडात घालायचं नाही, आणि काम नसताना पाऊलही टाकायचं नाही. काही घ्यायचंच असेल तर देवाला विचारायचं, म्हणजे कौल लावायचा. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि बघत बसायचं. उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही म्हणाला.

कौल लावायचा मान गुरवाचा. धोंडुबाईचा नवरा दारूने अंथरुणाला खिळला आणि मूलबाळ नव्हतं, तेव्हा ही देवाचं सगळं करू लागली. बाईमाणूस कौल लावते म्हणून गावाने नाकं मुरडली. तिने त्यांच्यासमोरच देवाला विचारलं. उजवी पडली आणि मुरडलेली नाकं जागच्या जागी आली.

नवरा मेला तो ऐन श्रावणात. पाऊस असा की गावात चुलीपुरतं सुकं लाकूड नाही, तर चितेला कुठलं? राईच्या कडेला मात्र किंजळाचं एक झाड उन्हाळ्यात उन्मळून पडलेलं होतं, वरच्या दाट झाडोऱ्यामुळे फारसं भिजलेलं नव्हतं. माणसं म्हणाली, देवाच्या गुरवाला देवाचं लाकूड, यात वावगं काय? धोंडुबाईने कौल लावला. डावी पडली. माणसं म्हणाली, पुन्हा लाव. आमच्या लोकांचं असंच असतं, देवाचं उत्तर पटलं नाही की प्रश्न पुन्हा विचारायचा. तिने लावला नाही. नवऱ्याचं प्रेत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पडवीत राहिलं आणि रोह्याहून टेंपोतून लाकडं आली तेव्हा त्याला अग्नी मिळाला. भावकीने तिला काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. पण त्यानंतर राईत कोयता घेऊन कुणी शिरलं नाही. जी बाई स्वतःच्या नवऱ्याला लाकूड देत नाही ती आपल्याला सोडणार होय?

मी देव मानत नाही. कंपनीत गॅसगळती झाली तेव्हा सगळ्यात आधी पळाला तो पूजेला बसणारा आमचा सुपरवायझर, तेव्हापासून माझा त्या बाजूचा हिशेब मिटला. हे धोंडुबाईला ठाऊक होतं आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. "तू मानत नायस म्हणून तो रडत बसलाय काय?" असं विचारून ती मला पानाचा डबा पुढे करायची.

मग आले प्रेमवाले. पुण्याची कुणी सुरभी नावाची बाई दर हिवाळ्यात वीस-पंचवीस माणसं घेऊन येऊ लागली. शिबिराचं नाव 'वृक्षसंवाद'. सगळे पांढऱ्या कपड्यांत, डोळे मिटून झाडांना मिठ्या मारायचे. कुणी रडायचं, कुणाला झाडाच्या हृदयाचे ठोके ऐकू यायचे. झाडाच्या मनात काय चाललंय हे ह्यांना कळे, आणि जेवण रांधणाऱ्या आमच्या बायकांच्या मनात काय चाललंय ते मात्र तीन दिवसांत एकदाही कळलं नाही. धोंडुबाईने पहिल्यांदा तो प्रकार बघितला तेव्हा ती कपाळाला हात लावून मला म्हणाली, "त्याच्या झाडांना मिठ्या? अरे, घरी काय कुणी जवळ घेत नाय काय ह्यांना?" शिबिरातल्या एका गृहस्थाने आठवण म्हणून गारंबीची भलीमोठी शेंग उचलून पिशवीत घातली होती. तिने त्याला गाडीतून उतरवून, डोंगर पुन्हा चढायला लावून ती जिथली तिथे ठेवायला लावली. सुरभीताईंनी हात जोडून समजावलं, "आजी, आमचंही ह्या जंगलावर प्रेम आहे." धोंडुबाई म्हणाली, "तेच म्हणते मी. प्रेम असलं की माणूस उचलून घरी नेतो."

एवढं शहाणपण त्या अख्ख्या शिबिरात निघालं नसेल. आणि गंमत म्हणजे ते तिने शहाणपण म्हणून सांगितलंच नव्हतं, ती नुसती खेकसली होती.

दोन वर्षांपूर्वी हैबतरावांना देवाची कणव आली. हैबतरावांचा धंदा सिमेंट, खडी आणि रेतीचा, त्यामुळे त्यांची भक्ती नेहमी स्लॅबच्या वाटेने जाते. देवस्थान कमिटी जमवून त्यांनी बहिरीच्या मंदिराचा जीर्णोद्धार जाहीर केला. ज्या देवाच्या डोक्यावर कधी छप्परच नव्हतं, त्याचा जीर्णोद्धार! कळस, सभामंडप, लग्नाचा हॉल, आणि पन्नास गाड्या लागतील असं सपाट मैदान. मैदान कुठून येणार? तर राईतून. मी कुणाकडे तरी तक्रार करायचं म्हटलं, तर कमिटीचा खजिनदार माझाच मुलगा. "बाबा, देवाच्या कामात आडवे येऊ नका," असं मला त्याने सांगितलं. देवाला तो ओळखतो तो महाप्रसादापुरता.

तरीही हैबतराव एका गोष्टीला घाबरत होते. कौलाशिवाय राईत हत्यार घालायची त्यांची छाती नव्हती. आधीच्या पिढ्यांनीही बहिरीला छपराचं विचारलं होतं आणि दर वेळी डावी पडली होती, हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

कौलाच्या आदल्या संध्याकाळी मी धोंडुबाईच्या ओट्यावर गेलो आणि सरळ बोललो. "धोंडुबाय, पाकळी ओली असते तवर चिकटते, सुकली की पडते. उजवी जरा जास्त भिजव, डावी कोरडी लाव. काम झालं. राई वाचेल."

ती माझ्याकडे असं बघायला लागली की मी पायातली चप्पल शोधू लागलो. "भडव्या," ती म्हणाली, "त्याच्याशी लबाडी करू मी? नवरा सडत ठेवला पडवीत, ते काय गंमत म्हणून? तेव्हा कोरडी पाकळी लावायची अक्कल मला नव्हती व्हय?"

"मग उद्या उजवी पडली तर?"

"नाय पडायची. तो काय हैबत्या हाय, सिमेंटला भुलायला?"

दुसऱ्या दिवशी सगळं गाव राईत जमलं. तिने अंघोळ करून, ओल्या लुगड्यानिशी पाकळ्या लावल्या. दोन्ही सारख्या भिजवलेल्या, मी डोळ्यांत तेल घालून बघत होतो. गाऱ्हाणं घातलं. तुझी राई तोडून तुला देऊळ बांधायचं म्हणतायत, तुझ्या मनात काय हाय ते सांग, असं तिने खणखणीत विचारलं. वारा पडलेला होता. बराच वेळ काहीच झालं नाही. मग उजवी पडली.

ढोल वाजले. हैबतरावांनी डोळे पुसले, सिमेंटवाल्याच्या डोळ्यांतलं पाणी मी पहिल्यांदाच बघितलं. गुलाल उधळला. पुन्हा लाव, असं कुणीच म्हणालं नाही. धोंडुबाई तशीच उभी होती. तिने खाली पडलेली पाकळी उचलली, उलटसुलट करून बघितली आणि घरी निघून गेली.

त्या संध्याकाळी ओट्यावर ती माझ्याशी बोलली नाही. बोलली ते डोंगराकडे तोंड करून. "तुझ्या धाकावर सगळं केलं. माझ्या माणसाला लाकूड दिलं नायस, आणि हैबत्याला सगळी राई दिलीस? छप्पर पायजे व्हय आता तुला? म्हातारा झालास काय?" आयुष्यभर तिने माणसांचा पाणउतारा केला होता. देवाचा केलेला मी पहिल्यांदा ऐकला, आणि खरं सांगतो, मला ते ऐकवलं नाही.

मी सुरभीताईंना फोन लावला. त्या हळहळल्या, गहिवरल्या आणि म्हणाल्या की रविवारी सकाळी त्यांचा सगळा ग्रुप आपापल्या घरी बसून राईला सकारात्मक ऊर्जा पाठवणार आहे. मी म्हटलं, ऊर्जा राहू द्या, माणसं पाठवा. त्या म्हणाल्या, संघर्ष हा त्यांचा मार्ग नाही. मी फोन ठेवला. बोलाचीच कढी नि बोलाचाच भात, आणि वर तोंड पुसायला पांढरा रुमाल.

झाडं तोडायच्या आधी आमच्या लोकांनी जी युक्ती केली ती दुसरीकडे कुणाला सुचली नसती. कौल मिळाला होता, तरी देवाच्या डोळ्यांदेखत त्याची झाडं पाडायची म्हणजे अवघड काम. म्हणून पेणहून भटजी आणले, मंत्र म्हणून बहिरीला धोंड्यातून काढून तांब्याच्या कलशात उतरवला आणि तो कलश वाजतगाजत समाजमंदिरात नेऊन ठेवला, कॅरमच्या बोर्डाशेजारी. आता देव घरी नाही. मागे उरलं ते नुसतं लाकूड. कौल घ्यायला देव मोठा, पण त्याला कळू नये म्हणून त्याला दुसऱ्या खोलीत नेऊन बसवायचा! असल्या अकलेपुढे मी काय बोलणार? मी टाळी वाजवली. धोंडुबाईने कलश जाताना बघितला आणि एवढंच विचारलं, "मावला त्यात?"

लाकूडतोडे सोमवारी आले. अमोल नावाचा त्यांचा मुकादम होता, नागोठण्याकडचा. त्याच्याकडे कटर मशीन होतं. कमिटी नारळ घेऊन हजर, माझा चिरंजीव मोबाइलवर चित्रीकरण करायला पुढे. गाव बघायला लोटलं होतं. पहिलं झाड ठरलं होतं ते धोंड्याच्या मागचं बेहड्याचं जुनं झाड. अमोलने मशीनची दोरी ओढली. मशीन गुरगुरलं.

तेवढ्यात गर्दीतून धोंडुबाई पुढे आली. अंबाडा सुटलेला, पांढरे केस पाठीवर. तिने आधी एक किंकाळी फोडली आणि मग ती घुमू लागली.

अंगात येणाऱ्या बायकांची तिच्याइतकी टर कुणी उडवली नसेल. आमच्या बायजाच्या अंगात दर अमावास्येला देवी यायची, आणि धोंडुबाई तिला सगळ्यांदेखत विचारायची, "बायजे, देवीला आज मटण हवं का कोंबडी?" तीच धोंडुबाई आता दोन्ही हात मागे बांधून, मान झाडत, तोंडातून लाळ गाळत बहिरीच्या धोंड्याभोवती फिरत होती. आवाज तिचा राहिला नव्हता, घोगरा झाला होता.

"कलशात घालतोस व्हय रे मला, हैबत्या? कलशात पाणी हाय, पाणी! मी हितंच हाय! कौल दिला तो तुला जोखायला दिला. लाव, कोयता लाव! घरातली पणती राहू देणार नाय. लाव म्हणतो ना!"

ती अमोलच्या समोर जाऊन उभी राहिली. त्या पोराने मशीन बंद केलं, खाली ठेवलं आणि तिच्या पाया पडला. परका माणूस, त्याला आमच्या बहिरीशी काही देणंघेणं नव्हतं, पण तो घरी बायको पोटुशी ठेवून आला होता. हैबतराव तर लाकडाआधी आडवे झाले. "चुकलो देवा, चुकलो," म्हणत त्यांनी तिच्या पायांवर डोकं घासलं. माझ्या मुलाने मोबाइल खिशात टाकून हात जोडले. बायजा सगळ्यांत आधी हळदकुंकू घेऊन धावली.

मी मागे उभा होतो. घुमता घुमता तिची नजर एकदा माझ्या नजरेला लागली. ती नजर स्वच्छ शुद्धीवरची होती. आणि तिच्यात एवढी भीती होती की मी दुसरीकडे बघितलं.

राई राहिली. कलश परत आणून धोंड्यावर रिता केला. हैबतरावांनी देऊळ शेवटी हमरस्त्याला स्वतःच्या जागेत बांधलं, दुसऱ्याच देवाचं, आणि हॉल भाड्याने देतात. सुरभीताईंनी ऊर्जेचा प्रत्यय आल्याचं सगळीकडे लिहिलं.

धोंडुबाईने दुसऱ्या दिवशी गुरवकी सोडली. पुतण्याला बोलावून घंटा आणि तेलाची बुधली त्याच्या हातात दिली आणि त्यानंतर ती राईकडे गेली नाही. गावाला याचं कौतुक. जिच्या अंगात साक्षात बहिरी आला ती आता पूजा कशाला करील? लोक तिच्याच पाया पडायला येऊ लागले. कुणाच्या पोराला कंपनीत चिकटवायचं असायचं, कुणाचा हरवलेला फोन शोधायचा असायचा. ती केरसुणी घेऊन त्यांना हाकलायची, तर ते केरसुणीलाही हात लावून नमस्कार करायचे.

मी मात्र तिला विचारलं. ओट्यावर आम्ही दोघंच होतो.

"आला नव्हता," ती म्हणाली. "हाक मारली मी त्याला. आदल्या दिवसापासून मारत होते. म्हटलं, ये, एकदा ये, तुझं तू सांग. नाय आला. मग काय, मीच बोलले त्याचं नाव घेऊन."

"बरं केलंस. राई वाचली."

"तुला ते बरं. तू कधी कुणाला भ्यायलाच नायस." ती पान न खाता नुसतं हातात धरून बसली. "पाकळी कोरडी लाव म्हणालास तर तुला भडव्या म्हणाले मी. आणि मी काय केलं? त्याचं तोंड केलं माझ्या तोंडाचं. आता कुठल्या तोंडानं दिवा लावू?"

यावर हसण्यासारखं खूप होतं. एरवी मी हसलो असतो. मी तिला म्हणालो की देव रागावला असता तर आतापर्यंत काहीतरी केलं असतं. समजूत घालायला म्हणून बोललो, पण माझं बोलणं तिला कुठे लागलं ते मला लगेच कळलं.

ती वाटच बघत होती. गेल्या पावसाळ्यात घराच्या मागे फुरसं निघालं तेव्हा ती काठी न घेता त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली होती, आणि ते गवतात निघून गेलं होतं. गावात तापाची साथ आली, घरटी एक माणूस पडलं, ही ठणठणीत. जिन्यावरून पाय घसरला, साधं मुरगळलंही नाही. यातलं काहीही झालं असतं तर तिला कळलं असतं की वरती कुणीतरी बसलेलं आहे, आणि त्याने ऐकलं आहे.

परवा बहिरीची राखण होती. वर्षाचा कोंबडा-नारळ घेऊन सगळं गाव राईत गेलं होतं, ढोल आमच्या ओट्यापर्यंत ऐकू येत होता. धोंडुबाई डोंगराकडे पाठ करून बसली होती. तिने माझा हात ओढून आपल्या कपाळावर ठेवला. कपाळ गार होतं.

"सव्वा वर्ष झालं," ती म्हणाली. "एवढं खोटं बोलले त्याच्या नावानं. साधा ताप नाय आला रे, कान्हू."